कॅमेऱ्यातून काढलेलं जीपीएस

आमच्या आबांना धुळ्याच्या एका हौशी ड्रोन मंडळाने चारचौघांत भंगारवाला ठरवलं, त्याला येत्या खंडेनवमीला वर्ष होईल. लोक म्हणतात, ताई, राग गिळायला शिका. मी काही तो गिळलेला नाही, आणि गिळायचा विचारही नाही.

आबा म्हणजे माझे वडील. मूळ साक्रीकडच्या एका खेड्यातले. दीपनगरच्या वीज केंद्रात दाब, ताप, वाफ मोजणारी यंत्रं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काटा चुकला की हाक आबांना, आणि तो का चुकला याची बैठक भरली की खुर्च्यांवर इंजिनिअर, आबा दाराशी उभे. याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. कुरकुर करायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे.

माझं जळगावात कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. निवृत्तीनंतर आबा तिथे येऊन बसू लागले. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेले छोटे कॅमेरे माझ्याकडे पोत्याने पडलेले असतात. फोनचे कॅमेरे चांगले झाल्यापासून कोणी ते परत न्यायलाही येत नाही. त्यातल्या काहींत जीपीएस असतं, म्हणजे फोटो कुठे काढला ते नोंदवणारा एक बारकासा भाग. करंगळीच्या नखाएवढी, उपग्रहांचे संकेत पकडणारी चिनीमातीची चौकोनी वडी, तिच्याखाली तेवढीच पट्टी. लेन्स फुटते, बटणं झिजतात, पण हा भाग ठणठणीत राहतो. आबांनी पहिल्यांदा तो गरम हवेने सोडवून काढला, चार तारा जोडल्या आणि गच्चीवर नेऊन लॅपटॉपला लावला. पाच-सात मिनिटांनी पडद्यावर आमच्याच गच्चीचे आकडे उमटले. त्या दिवशी आबा जेवायला खाली आले नाहीत, आईने ताट वर नेलं.

धुळ्यातले काही प्राध्यापक, दोन डॉक्टर आणि काही दुकानदार मिळून ड्रोन बनवतात हे मला ग्राहकांकडून कळलं होतं. एकाला जागा दाखवणारा भाग हवा होता, आबांनी दिला. मग दुसऱ्याने मागितला, मग सगळ्यांनीच. आबा कोणाकडून काही घेत नव्हते. त्यांना मिळत होतं ते वेगळंच. साक्री रस्त्याला मंडळाचं एक मोकळं मैदान आहे. तिथे रविवारी सकाळी त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवलेली असायची, आणि शिकलेली माणसं भोवती उभी राहून त्यांना विचारायची, आबा, हे असं का होतंय? बसून उत्तर द्यायचं आणि विचारणाऱ्याने उभं राहायचं, हे त्यांच्या वाट्याला सत्तरीजवळ आलं. शनिवारी ते स्वतः शर्टाला इस्त्री करायचे. पारोळ्याच्या रस्त्यावर एसटी रेंगाळली तर माझ्याकडे असं बघायचे, जणू काही गाडी मीच चालवत होते.

आता आबांची एक सवय सांगायला हवी. दीपनगरला कुठलंही यंत्र कामावर चढवण्यापूर्वी त्याला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची पद्धत होती. त्यावर यंत्र काय करतं ते नाही, काय करत नाही ते लिहायचं. आबांनी ती पद्धत घरी आणली. प्रत्येक जीपीएसला त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी असायचीच. बहुतेकांवर एकच मजकूर: ‘हे कॅमेऱ्यातलं आहे. आकाश दिसेनासं झालं तरी शेवटची जागाच सांगत राहतं. उडवण्याआधी ही सवय मोडून घ्या. मोडता आली नाही तर याच्या भरवशावर उडवू नका.’

कॅमेऱ्यासाठी ही सवय बरोबरच आहे. नवरा-नवरीचा फोटो मंगल कार्यालयाच्या आत काढला, तर छपराखालून उपग्रह कुठले दिसणार? मग कॅमेरा फाटकाबाहेरची शेवटची जागा लक्षात ठेवतो आणि तीच फोटोवर टाकतो. कोणाचं काही बिघडत नाही. पण हवेत तरंगणाऱ्या यंत्राला ‘तू अजून तिथेच आहेस’ असं सांगत बसलं, तर वारा त्याला नेईल तिकडे ते जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. आबा जमेल तितक्या भागांची ही सवय लॅपटॉपवरून मोडून देत. काही भाग ऐकत नसत. मंडळाच्या अध्यक्षांनी हट्टाने नेलेला भाग तसलाच होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर शेवटच्या ओळीखाली आबांनी दोन रेघा मारल्या होत्या.

गेल्या खंडेनवमीला मंडळाने मैदानावर ड्रोनची पूजा ठेवली. शस्त्रांची, अवजारांची पूजा होते तशी ड्रोनचीही, त्यात वावगं काहीच नाही. शहरातले एक बडे पाहुणे बोलावले होते. फोटो काढायला मी होते, आबा नेहमीच्या खुर्चीवर. अध्यक्षांनी आपला मोठा ड्रोन टेबलावर ठेवून चालू केला, कारण या जुन्या भागांना उपग्रह सापडायला वेळ लागतो. चिठ्ठी त्यांनी आधीच कापून टाकली होती. पंख्यात अडकेल म्हणून कापली, हे मला मान्य आहे. वाचली का नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

जागा सापडल्याचा दिवा लागला. मग हळद-कुंकू, फुलं, नारळ झालं, पाहुण्यांनी हात जोडले. थोड्या वेळाने हार काढून अध्यक्षांनी ड्रोन उडवला. तो वर गेला, क्षणभर थांबला आणि वाऱ्याबरोबर निवांत पूर्वेला निघाला. अध्यक्ष नुसतेच बटणं दाबत होते. यंत्र सांभाळतंय या भरवशावर हाताने उडवायचा सराव त्यांनी कधी केलाच नव्हता. नाचता येईना, अंगण वाकडं. ड्रोन लिंबाच्या फांदीला धडकून पाहुण्यांच्या गाडीवर पडला. काचेला तडा गेला, माणसाला इजा झाली नाही.

आणि मग ते अध्यक्ष पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "भंगारातला माल वापरला की असंच व्हायचं. आबा, तुमचं वय झालं. आता घरी आराम करा." आबांशी ते बोलले, पण पाहुण्यांकडे बघत. ज्यांनी आबांकडून चार-चार भाग नेले होते ते सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. आबा उठले, पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "चाल." आमची एसटी सुटायच्या आधी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली, भंगारातले भाग वापरू नयेत. पाठोपाठ आबांचं नाव ग्रुपमधून काढलं गेलं. गरज सरो, वैद्य मरो.

गाडीत मी धुमसत होते. आबा खिडकीतून बघत म्हणाले, "जाऊ दे बेटा. मनी चिठ्ठी व्हती ना त्याले." म्हणजे, माझी चिठ्ठी होती ना त्याला. मी म्हटलं, आबा, कापलेली चिठ्ठी बोलत नसते, तुम्ही बोलायचं होतं. मला त्यांचाही राग आला, कबूल करते.

दोन दिवसांनी मी फोन करून त्या ड्रोनचे तुकडे मागितले. गोणीत भरून मिळाले, कोणी तोंड दाखवलं नाही. दुकानात टेबलावर ओतले आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं समजलं. चिनीमातीच्या वडीवर पातळ पत्र्याचं सोनेरी स्वस्तिक चिकटवलेलं होतं, पूजेच्या दुकानात मिळतं तसं, रुपयाएवढं. ड्रोनवर सगळ्यात उंच, सपाट, स्वच्छ जागा तीच, म्हणून कोणीतरी भक्तिभावाने तिथेच लावलं. पत्र्याने वडीवर झाकण बसलं, आकाश बंद झालं. दिवा मात्र लागलेलाच राहिला, कारण तो भाग टेबलाचीच जागा सांगत होता. मी तो गच्चीवर नेला. पत्र्याखाली त्याला काही सापडेना. पत्रा काढला, जागा सापडली, मी चालेन तसे आकडे हलू लागले. पुन्हा पत्रा ठेवला, आकडे जागच्या जागी. मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले तरी तेच आकडे.

मी त्याचं चित्रीकरण केलं आणि एकटीच धुळ्याला अध्यक्षांच्या घरी गेले. वाटलं होतं, शिकलेला माणूस आहे, बघेल, ओशाळेल, आबांना एक फोन करेल. त्यांनी पूर्ण बघितलं. समजलंही त्यांना, चेहऱ्यावर दिसलं. मग फोन माझ्याकडे सरकवून शांतपणे म्हणाले, "ताई, आता पूजेचा दोष काढणार का तुम्ही? तुमच्यात हे नसतं, म्हणून तुम्हाला ते खुपतं. आम्ही समजू शकतो."

आम्ही बौद्ध. मंडळात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि वर्षभर कोणी त्याचा उच्चार केला नव्हता. त्याचं मला बरं वाटायचं, मूर्खासारखं. पत्रा कुठे चिकटवावा हे मी बोलत होते, आणि हा गृहस्थ मला माझी जात दाखवत होता, तीही चहा पुढे करून. मी म्हटलं, "पूजा तुमची, पत्राही तुमचा, आणि चूक तेवढी माझ्या बापाची?" चहा न घेता उठले. फाटक आपटलं. त्याने काही साधलं नाही, पण आपटलं.

घरी आले तर आबा गॅलरीत जुन्या कॅमेऱ्याचे स्क्रू काढत बसले होते. मी सगळं सांगितलं, पत्र्याचं, गच्चीवरचं, त्या अध्यक्षाचं. तावातावाने सांगत होते. म्हटलं, तुम्हाला सांगायला मला आनंद होतोय, आबा, तुमच्या भागाची काहीच चूक नव्हती. आबांनी मान वर केली नाही.

"माले म्हाईत शे," ते म्हणाले. "मी देखं व्हतं."

ते सावकाश सांगत राहिले. स्वस्तिक लावताना त्यांनी पाहिलं होतं. खुर्चीवरून उठून ते टेबलाशी गेले, ते जरा बाजूला सरकवून लावायला हात पुढे केला. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "आबा, हात नका लावू, पूजा झाली आहे."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. बसी गऊ."

जाऊन बसलो, एवढंच सांगून ते पुन्हा स्क्रूकडे वळले. अध्यक्षांच्या त्या वाक्याचा अर्थ काय होता, नुसता पूजेचा होता की आणखी कशाचा, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मीही त्यांना विचारलं नाही. मी आत जाऊन पाणी प्यायले. ते वाक्य मला नवीन नव्हतं. मैदानावर मी दहा पावलांवर उभी होते, डोळ्याला कॅमेरा लावून. ते मलाही स्पष्ट ऐकू आलं होतं. आबा मागे सरले तसं चित्र मोकळं झालं, आणि मी फोटो काढला.