झारीचा पाऊस

शिंपीणबाईंच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे त्या बोलायच्या कमी आणि डोळे वटारायच्या जास्त. जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि साठीला उघड्या आभाळाखाली झोपायचं खूळ डोक्यात शिरलं. मग रेनकोटच्या कापडाची, पाणी आत येऊ न देणारी झोपायची पिशवी त्यांनी घरीच शिवली.

हाताच्या सवयीने कापड आधी टाचून घेतलं होतं. पिशवीत शिरून भर दुपारी गच्चीवर आडव्या झाल्या, तर डोळ्यांसमोर उजेडाचे बारीक ठिपके लुकलुकत होते. प्रत्येक टाचणीने एकेक भोक पाडून ठेवलं होतं!

"अक्कल कुठे चरायला गेली होती माझी?" त्या आतूनच करवादल्या.

पंक्चर काढायच्या सोल्यूशनने त्यांनी सगळी भोकं आणि शिवणी बुजवल्या. मग पुन्हा आत शिरून नवऱ्याला झारी घेऊन उभं केलं. "ओता. मी पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

नवरा मुकाट्याने ओतू लागला. कापडावर पाणी हलकेच टपटपत राहिलं.

"गळतंय का गं?"

त्याने तोंडाजवळच्या फटीतून वाकून पाहिलं. जरा खुट्ट झालं तरी दचकून उठणारी त्याची बायको गाढ झोपली होती. ओठ किंचित उघडे होते आणि त्यांत एकही टाचणी नव्हती.

झारी संपत आली, तसा तो खाली बसला आणि उरलेल्या पाण्यात बोटं बुडवून थेंब थेंब शिंपडू लागला.