न्हाणीघरातली मैफल

मेख्टिल्ड सोबोट्काला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. हाल्टेनरोडच्या संगीत सभागृहाची ती संचालक झाली तेव्हापासून गावानं तिला ही गोष्ट कधी विसरू दिली नाही. पहिल्याच मैफलीच्या मध्यंतरात डॉक्टर एबिंगहाउसांच्या पत्नी वाइनचा पेला हातात धरून, तिला नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "स्वयंपाक न येणाऱ्या बाईनं खानावळ काढलीय म्हणे!"

मेख्टिल्ड वळली. "खरं आहे, बाई. पण खानावळवालीला गिऱ्हाइकाची भूक कळली तरी पुरतं."

ती कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी. शाळा सुटली तशी याच सभागृहाच्या तिकीटखिडकीवर बसली, तिथून आतल्या कचेरीत गेली, आणि मग हॅम्बुर्गला कलावंतांचे दौरे ठरवणाऱ्या एका संस्थेत. रुसलेल्या गायिकांना समजावून गाडीत बसवणं, विमानतळावर हरवलेला चेलो शोधून आणणं, दोन भांडकुदळ वादकांना वेगवेगळ्या मजल्यांवर खोल्या देणं, असली कामं करता करता ती धंदा शिकली. गावानं संचालक म्हणून परत बोलावलं तेव्हा तिचे वडील मित्रांना सांगत सुटले, "जिथे मी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नाही, तिथल्या किल्ल्या माझ्या पोरीकडे!"

किल्ल्या आल्या आणि काही हिवाळ्यांनी छप्पर गेलं. तालमीच्या वेळी गिलाव्याचा मोठा पोपडा वाद्यवृंदातल्या दोन नगाऱ्यांच्या मधोमध पडला. इंजिनिअरांनी सभागृहाला कुलूप घातलं. नगरपालिकेत महापौर स्पष्टच बोलले, "या हिवाळ्यात निम्म्याहून जास्त वर्गणीदार टिकले, तर दुरुस्ती करू. नाही टिकले, तर जागा विकू. दुकानवाले तयारच बसलेत."

हाल्टेनरोडचे वर्गणीदार म्हणजे वेगळीच जात. हंगामभराची वर्गणी भरून राखलेली खुर्ची आजोबांकडून नातवाकडे जायची. घटस्फोटात घर गेलं तरी चालेल, सातव्या रांगेतली जागा सोडायची नाही, अशी माणसं. त्यांना त्यांची खुर्ची सोडून दुसरीकडे बसवायचं होतं. आणि गावात तेवढी मोठी जागा एकच होती, बंद पडलेल्या खाणीतलं कामगारांचं न्हाणीघर.

भिंतीभर पांढऱ्या फरशा, वर उंच छत, आणि छतापासून लोंबणाऱ्या शेकडो साखळ्या. खाणीत उतरताना कामगार घरचे कपडे, आणि वर आल्यावर कामाचे कपडे, साखळीच्या आकड्याला अडकवून वर ओढायचे आणि खाली कुलूप लावायचे. मेख्टिल्डनं खुर्च्या आणल्या, शेगड्या आणल्या, दिवे लावले. वडिलांचे जुने सोबती दारावर उभे राहायला आपणहून आले.

दुपारच्या तालमीत वाद्यवृंदाचे प्रमुख वाइडेनफेल्ट यांनी हात खाली टाकले. "सोबोट्काबाई, मी एक सूर मागतो आणि चार परत येतात. माझ्या व्हायोलिनवाल्यांना कळत नाही, आपण वाजवतोय की मागचे!"

"माणसं बसली की घुमणं कमी होईल, साहेब."

"या फरशांत? संध्याकाळी हेच झालं, तर पहिल्या भागानंतर मी घरी जातो. माझं नाव बुडवायला मी आलेलो नाही."

मेख्टिल्डला दोन्हीकडून पेच होता. ऐनवेळी रद्द करावं, तर वर्गणीदार जाणार. करू नये, तर प्रमुख जाणार.

संध्याकाळी बर्फमिश्रित पाऊस लागला. लोक आले, आणि दारातच थिजले. एवढं सगळं आठवणीनं करणारी मेख्टिल्ड कोट ठेवायची खोली विसरली होती! त्या गावात अंगात कोट घालून मैफलीत शिरणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं. भिजलेले लोक दारात तुंबले, मागचे ढकलू लागले.

"कोट कुठे द्यायचा?" एबिंगहाउसबाईंनी विचारलं. "मांडीवर घेऊन बसू? हा काय रेल्वेचा फलाट आहे?" दोन-तीन जोडपी मोटारींकडे परत वळलीसुद्धा.

मेख्टिल्डनं वर लोंबणाऱ्या साखळ्यांकडे पाहिलं.

"आल्फोन्सकाका, साखळ्या चालतात का?"

"चालतात का म्हणजे?" वडिलांच्या सोबत्यांपैकी म्हातारा आल्फोन्स काचमारेक फुरंगटला. "कालच तेल दिलंय. आम्ही का मेलोय, पोरी?"

"मग खाली सोडा. सगळ्या!"

खडखडाट झाला आणि आकडे माणसांच्या हातापाशी आले. मोटारींकडे वळलेले लोकही बघायला माघारी फिरले.

"आकडा नीट लक्षात ठेवा हं, बाई," काचमारेक एबिंगहाउसबाईंना म्हणाला. "विसरलात तर माझं जाकीट घालून घरी जावं लागेल."

"आणि माझा फरचा कोट वरून पडला तर?"

"उभी हयात माझी विजार वर टांगलेली होती. एकदाही पडली नाही. आणि कोळशानं ती तुमच्या फरपेक्षा जड झालेली असायची!"

सगळी रांग हसली. हसू आवरता आवरता बाईंनी स्वतःच साखळी ओढली. बघता बघता काळे, करडे, तपकिरी कोट वर गेले आणि छताखाली ओल्या लोकरीचं आभाळ भरलं.

वाइडेनफेल्ट आले ते कपाळाला आठ्या घालूनच. हात उचलला. पहिला सूर निघाला, आणि परत आलाच नाही. वरच्या लोकरीनं तो अलगद झेलून गिळला होता. त्यांनी क्षणभर वर पाहिलं, आठ्या गेल्या, आणि पुढे त्यांनी वाद्यवृंदाला असा काही हाकला की शेवटच्या रांगेतल्या कामगारालाही अगदी हळू वाजलेली बासरी कळली. दारापाशी उभ्या मेख्टिल्डनं एक खुर्ची ओढली. ती एका शेगडीशेजारी बसून राहिली.

संपल्यावर आधी टाळ्या, मग खुशीनं पाय आपटणं. वाइडेनफेल्टनी वादकांना उभं केलं, आणि मग हात वर करून कोटांनाही मानवंदना दिली. न्हाणीघर हादरलं.

त्या हिवाळ्यात वर्गणीदार गळाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उलट खाणीच्या वस्तीतली घरं प्रथमच वर्गणीदार झाली. वसंतात नगरपालिकेत दुरुस्तीच्या बाजूनं हात वर झाले तेव्हा महापौरांना मोजायचीही गरज पडली नाही.

मेख्टिल्ड सभेतून बाहेर पडली ती थेट कचेरीत गेली आणि तिनं हॅम्बुर्गच्या आपल्या जुन्या संस्थेला फोन लावला. "पुढच्या वर्षाच्या तारखा बोलायच्यात. आणि ऐका, या खेपेला मी लहान नावं घेणार नाही. तुमच्याकडची सगळ्यात मोठी नावं कोणती, ती सांगा."