काळ्या डोंगराखालची पोपटी

आबांच्या होडीत बसायचे दोन नियम होते. बूड टेकलं की हलायचं नाही, आणि बोलायचं नाही. पहिला मी पाळायची. दुसरा मला अजूनही जमलेला नाही. होडी म्हणजे आंब्याचं एक खोड, आजोबांनी कोरून काढलेलं, त्यात दोन माणसं आणि एक बोचकं जेमतेम मावायचं. तिला बुडाशी एक बारीक चीर होती. दर वर्षी आबा ती डांबरानं बुजवायचे आणि दर वर्षी होडी पाण्यात उतरली की चीर पुन्हा झिरपायला लागायची. वल्हं आबांकडे आणि पाणी उपसायचा पत्र्याचा डबा माझ्याकडे.

आमचं घर दहिवलीला. तिथून सकाळी निघालं की उन्हं चढेपर्यंत चालायचं, मग डोंगराच्या पायथ्याशी दगडी बांध घातलेलं तळं लागायचं. अलीकडच्या काठाला आमचं भाताचं खाचर होतं. पलीकडे डोंगर थेट पाण्यात उतरलेला, आणि त्याच्या पोटाशी ठाकरवाडी. मी तेव्हा चौक गावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, सत्तर सालाच्या आगेमागे नोकरीला लागलेली. नाताळची सुट्टी लागली की आबा आणि मी होडीनं पलीकडे जायचो आणि तीन दिवस काठावरच राहायचो. ताडपत्री, दोन घोंगड्या, तांदूळ, सुकट, चहाची पूड आणि चांगलं शेर-दोन शेर मीठ. आईला हे बिलकूल पसंत नव्हतं. "पोरीचं लगीन ठरवायचं सोडून बाप तिला गळ टाकायला नेतो," असं ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. आम्ही दोघं ऐकलं न ऐकलंसं करून मीठ बांधायचो.

त्या तीन दिवसांसारखं सुख मला नंतर कुठं मिळालं नाही, हे आज साठी उलटल्यावर सरळ सांगून टाकते.

आमचं घर छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं. आबा सकाळी तोंड धुऊन पाण्याकडे बघत पंचशील म्हणायचे आणि मागे उभी राहून मी. पहिलं शील जीवहत्येचं. ते म्हणताना आबांचा आवाज हटकून खाली जायचा, कारण रात्री टाकलेले गळ पाण्यातच असायचे आणि त्यांतला एखादा हलतही असायचा. मी हसू दाबायची. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणताना, आवाज असा चढायचा की समोरचा खंड्या उडून जायचा.

काठावर आम्ही पोचल्याचं धुरावरून कळलं, की वाडीतून मामा उतरायचा. मामा म्हणजे आबांच्याच वयाचा ठाकर, आबांचा जुना दोस्त. आख्ख्या डोंगरातला मध तो काढायचा. गवताची चूड पेटवून तिच्या धुरानं माश्या उठवायच्या आणि कड्याला लोंबकळत पोळं कापायचं, असं त्याचं काम. खाली येताना पळसाच्या पानात मध घेऊन यायचा आणि जाताना मीठ घेऊन जायचा. शेवटच्या संध्याकाळी पोपटी ठरलेली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि मीठ भरायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. जाळ मात्र मामानंच लावायचा. चिमूटभर राख हवेत सोडून तो वारा बघायचा, मग कुठं काडी ओढायचा. वासावरून सांगायचा, शेंगा झाल्या का नाहीत ते. एकदाही चुकला नाही.

आता माझं सांगते.

भाताचं रोप टाकायच्या जागेवर आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात. जमिनीवर शेण, त्यावर टहाळ, पालापाचोळा, गवत आणि सगळ्यावर मातीचा हलका थर, म्हणजे जाळ उसळत नाही, आतल्या आत धुमसतो. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट बाजूनं, आणि विझेपर्यंत आग झोडपायला हिरवा टहाळ हातात घेऊन तिथं उभं राहायचं. हे मला चौथीतल्या पोरांना शिकवता येईल इतकं पाठ होतं. त्या वर्षी चैत्रात आबा तापानं पडले, राब भाजायचा राहिला. मी म्हटलं, मी जाते. तो रविवार होता. सोमवारी आमच्या शाळेची तपासणी होती आणि मला कर्जतहून दुपारची एसटी पकडायची होती. उलट बाजूनं लावलेला राब भाजायला तास-दीड तास घेतो. मी तो वाऱ्याच्या बाजूनं लावला. वर माती टाकायचाही कंटाळा केला. भरभर जळेल, मी मोकळी होईन, एवढाच हिशेब. अर्धा जळालेला बघितला, आता विझेलच म्हणून चपला घातल्या आणि बांधावरून निघून गेले.

एसटीच्या खिडकीतून मला डोंगरावर धूर दिसला. आधी बारीक, मग रुंद. खाचराच्या कडेचं वाळलं गवत धरून आग तळ्याच्या वळणानं पलीकडच्या उतारावर गेली होती. ती दोन दिवस जळत होती. वाडीतली घरं वाचली, माणूस कुणी दगावलं नाही. पण मोह गेले, आंबे गेले, गुरांचं गवत गेलं, मधाची पोळी गेली. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं वणवा लागतोच, तेव्हा कुणी मला विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. तपासणीत माझा वर्ग पहिला आला.

त्या नाताळात आबा म्हणाले, गुडघा दुखतो, नको जायला. पुढच्या नाताळात म्हणाले, होडीची चीर वाढली. मी दोन्ही वेळा हायसं वाटून वह्या तपासत बसले. तिसऱ्या वर्षी मात्र ते आपणहून डांबर घेऊन आले. म्हणाले, "जाऊ या गं. त्याला बघून लय दिस झालं." मला नाही म्हणायला कारण सापडेना. मामाला सांगायचं, एवढं मी वाटेत ठरवलं होतं. सांगायचं कसं, ते ठरत नव्हतं.

होडी मध्यावर आली तेव्हा मी पहिल्यांदा डोंगराकडे नीट बघितलं. तीन पावसाळे होऊन गेले होते. ऐनाची जुनी झाडं कमरेपर्यंत काळी आणि वर हिरवी, जणू कुणी काजळीत उभी केलेली. जळक्या सागांच्या बुंध्यातून पोरसवदा धुमारे आले होते आणि त्यांची पानं सुपाएवढी झाली होती. मधे मधे नुसतीच काळी खोडं, वाळलेली. ते सगळं पाण्यात उलटं दिसत होतं आणि आबांचं वल्हं त्याच्यातूनच चाललं होतं. पूर्वी त्या काठावरून वानरांचा कालवा ऐकू यायचा. त्या दिवशी फक्त एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. डबा माझ्या हातात तसाच राहिला आणि पाणी घोट्यापर्यंत आलं.

"उपस की," आबा म्हणाले. मी उपसायला लागले. मला रडू येत होतं आणि होडीत बोलायचं नसतं, याचं त्या दिवशी बरं वाटलं.

मामा आला, पण मोकळ्या हातानं. वाळला होता. मीठ घेताना आधी नको नको म्हणाला. बिडी काढली आणि ती तशीच आबांपुढं धरली. "पेटवून दे रं." आबांनी पेटवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आपलं म्हटलं, "काय मामा, काडी ओढायचापण आळस आला का?" तो कसंनुसं हसला. आबा माझ्याकडे बघेनात. दोन सकाळी पंचशील झालं, आणि दोन्ही सकाळी चौथ्या शीलाला माझा आवाज फुटला नाही. आबांचाही त्या वर्षी चढला नाही. ते माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी उन्हं कलली तशी आम्ही ओल्या वाळूत मडकं उपडं ठेवलं. मी गवत रचलं, काटक्या रचल्या आणि सवयीनं काडेपेटी मामापुढं धरली. तो दोन पावलं मागं सरकला.

"नाय बाय. तूच लाव."

"का? तुम्हीच तर लावता दर वेळी."

"मी काडी लावीत नाय आता." तो लांब एका दगडावर जाऊन बसला. मग डोंगराकडे बोट करून म्हणाला, "ह्यो मीच जाळला नाय का. त्या दिशी वरती पोळं काढीत व्हतो. चूड दगडावं घासून इझवली असं मला वाटलं. नसंल इझली. वाडीला ठावं हाय. पोरं मला बघून काडेपेटी लपवत्यात, हसत्यात. मध सोडला मी. चूल म्हातारी पेटवते, बिडीबी तीच पेटवून देते."

मी काडी ओढली होती. ती गवताला लागली, जाळ झाला, आणि मी तशीच ओणवी उभी. काटक्या तडतडायला लागल्या. मी म्हटलं, "मामा, तुम्ही नाही जाळला. मी जाळला." माझ्याच कानांना तो आवाज वर्गात उत्तर चुकलेल्या पोरीसारखा वाटला. मग सगळं सांगितलं. तपासणी, एसटी, वाऱ्याच्या बाजूनं लावलेला राब, न टाकलेली माती. खाली मान घालून सांगितलं आणि संपल्यावरही मान वर झाली नाही.

मामाच्या आधी आबाच बोलले. "मलाबी ठावं व्हतं रं. तापातनं उठून खाचरात गेलो तवाच समजलं. राख बघितली का कळतंच, कुनच्या अंगानं लावलाय. पोरीची नोकरी नवी, म्हनून गप ऱ्हायलो. तुझं नाव झालंय ते मला नव्हतं म्हाईत. पन मी इचारायलाबी आलो नाय." आबांचा गुडघा आणि होडीची चीर मला तेव्हा कळली.

आबांना मी त्याआधी कधी कुणासमोर हात जोडताना बघितलं नव्हतं. ते जोडून उभे होते. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा उठला. माझ्याजवळ आला. मला वाटलं, एक ठेवून देईल, आणि दिली असती तर मी खाल्ली असती. त्यानं माझ्या मुठीतली काडेपेटी काढून घेतली आणि कनवटीला खोचली.

"मला कशाला सांगते," तो म्हणाला. "वाडीला सांग. सकाळी ये."

आणि पोपटी न खाताच चढून गेला. आम्ही मडकं उघडलं ते वेळेआधी. शेंगा कच्च्या निघाल्या. वास ओळखणारा नव्हता ना.

सकाळी पंचशील म्हणून आम्ही वर गेलो. वाट जळक्या सागांमधून जात होती. मामाच्या अंगणात पंधरा-वीस माणसं होती. बायका भात कांडायच्या थांबल्या. मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले आणि काल सांगितलं तेच परत सांगितलं, या वेळी मान वर ठेवून. कुणी शिवी दिली नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "मास्तरीण ना तू?" मी हो म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. ती नजर मला अजून आठवते.

मामा ओट्यावर बसला होता. त्यानं कानावरची बिडी काढून तोंडात धरली. तशी त्याची म्हातारी, तीन वर्षांच्या सवयीनं, चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर आली आणि त्याच्यापुढं वाकली. त्यानं हातानं तिला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे गं," तो म्हणाला, आणि कनवटीची काडेपेटी काढली. पहिली काडी मोडली. दुसरी वाऱ्यानं विझली. मग त्यानं वाऱ्याकडे पाठ केली, दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि तिसरी ओढली.