पाच ओळी आणि मावशींची म्हैस

पाठांतर माझ्या रक्तात नाही. बावन्न वर्षांत मी तडीस नेलेली एकच गोष्ट म्हणजे संसार, आणि बायको म्हणते तोही तिनंच नेला. कुराणाचा तिसावा पारा, म्हणजे शेवटचा भाग, तोंडपाठ करायला मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. तिसऱ्या खेपेला, अख्खं कुराण तोंडपाठ असलेल्या भोरच्या हाफिजसाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "रोज पाच ओळी. सहावी नको. पण या वेळी सोडलंत, तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका." हसत म्हणाले, पण मला लागलं. आपल्या हातून आता काहीच पुरं होणार नाही, अशी भीती मला खरोखरच वाटायला लागली होती.

माझं वेल्डिंगचं दुकान नसरापुरात, घर वरव्यात. दिवसभर ग्राइंडरच्या आवाजात स्वतःचं नावही आठवत नाही. म्हणून ठरवलं, पहाटे फजरची नमाज झाली की मागच्या पायरीवर बसायचं आणि सबक, म्हणजे त्या दिवसाचा नवा धडा, मोठ्यानं घोकायचा. भिंतीपलीकडे शेजारच्या मावशींचा गोठा होता. त्याच वेळी त्या म्हशीची धार काढायच्या.

आठ दिवस नेटानं गेले. नवव्या दिवशी नमाज झाल्यावर मी पुन्हा आडवा झालो. जरा डोळा लागतोय तोच दारावर थापा.

"आरं ऊठ! म्हस पान्हा सोडंना!"

"मग मी काय करू, मावशी? डॉक्टरला बोलवा."

"डॉक्टर कशाला? तू रोज म्हंतोस ते म्हण. तिला त्याची सवय लागलीया."

मी वजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, पायरीवर बसलो. तिसरी ओळ होते न होते तोच भिंतीपलीकडे बादलीत धार वाजली. आधी छाती फुगली. मग लक्षात आलं, आठ दिवसांत सवय म्हशीला लागली होती, मला नाही.

तेव्हापासून सुट्टी बंद. पडसं असो, पाव्हणे असोत, डेअरीचा टेम्पो यायच्या आत माझ्या पाच ओळी झाल्याच पाहिजेत. मावशींना अरबीतलं अक्षर कळत नव्हतं, पण मी अडखळलो की त्या खाकरायच्या. शुक्रवारी हाफिजसाहेबांना भीतभीत सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. "ती पण अल्लाचीच ना? ऐकू दे तिला. तुम्ही चुकू नका म्हणजे झालं."

मधेच मला शहाणपण सुचलं. सबक मोबाईलवर रेकॉर्ड केला, तो चालू करून मोबाईल भिंतीवर ठेवला आणि जाऊन झोपलो. ऐन धारेला एका गिऱ्हाइकाचा फोन आला, गेट कधी बसवताय म्हणून. रिंगटोन होती बँडची. म्हशीनं बादली लाथाडली. मावशींनी त्या दिवशी मला जे ऐकवलं, ते मात्र मला एकदाच ऐकून पाठ झालं.

असा अर्ध्याहून जास्त पारा झाला. मग म्हैस विण्याआधी आटली. धार नाही, टेम्पोची घाई नाही, दारावर थापा नाहीत. एक दिवस झोपलो. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही झोपलो. तिसऱ्या दिवशी बायकोनं नुसतं बघितलं. तेवढ्यात थापा पडल्या.

दारात मावशी. हातात बादली नव्हती.

"म्हस आटली. तुला काय झालं?"

"मावशी, आता दूध न्हाई, म्हणून म्हटलं..."

"म्हंजे? तुजं ते देवाचं नाव म्हशीसाठी चाललं व्हतं व्हय?"

बायको आत तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. लाज वाटली. खरं उत्तर "व्हय" असं होतं.

वजू करून पायरीवर बसलो. पलीकडे मावशी गव्हाणीच्या कडेला टेकल्या. दुसऱ्याच ओळीला गाडी अडली. त्या खाकरल्या.

"घाई न्हाई," मावशी म्हणाल्या. "मला आज काय काम न्हाई."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.