मुरलीधरचा लाल डोळ्याचा असील

मुरलीधर ढोबळे तोफांच्या कारखान्यात फिटर होता, पण शहरात सदरपासून दीक्षितपुऱ्यापर्यंत लोक त्याला ओळखत ते कोंबड्यांवरून. असील, म्हणजे झुंजीच्या अस्सल जातीचा कोंबडा, कोणी पुढं धरला तर तो पिसांकडं बघायचाच नाही. पिसं कोणालाही फसवतात, म्हणायचा. आधी तुरा पाहायचा: आखूड, कवटीला घट्ट, वाटाण्याचे दाणे तीन ओळींत चिकटवल्यासारखा. गळ्याखाली लोंबती कातडी नको. पाय जाड, मान लांब आणि डोळा मोत्यासारखा पांढरा. मग छातीच्या हाडावरून बोट फिरवून एकच शब्द बोलायचा, ‘खरा’, नाहीतर ‘रश्श्याचा’. ‘रश्श्याचा’ ऐकलं की माणूस मान खाली घालून निघून जाई. मुरलीधरला त्या दिवशी जेवण जास्त जायचं, असं त्याची बायको विनता सांगे.

असील विकत नसत. मागणाऱ्यानं दारी यायचं. देणाऱ्यानं पाखराच्या पाठीवर हात ठेवून त्याच्या पाच पिढ्यांच्या आया सांगायच्या. एवढी जबान झाली की पुढं कोणी काही विचारत नसे.

त्रेचाळीस साली लढाईपायी बारा-बारा तासांची पाळी लागली. दोन महिने मुरलीधरनं खुराडं उजेडात पाहिलं नाही. कोंबड्या विनता सोडायची. मागच्या बंगल्यातल्या साहेबानं अंड्यांसाठी विलायती लाल कोंबड्या आणि कोंबडे आणले होते. त्यातला एक कुंपण ओलांडून यायचा. विनतानं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मुरलीधर चिडला. “हाकल ना मग. मी काय तोफेचं काम सोडून कोंबडे राखत बसू?”

पिल्लं निघाली ती लाल, देखणी. तुरे वाटाण्याचेच. त्यातला एक नर सालभरात असा उंच झाला की बघणारा थांबावा. डोळा तेवढा तांबूस होता. कोवळ्या असीलचा डोळा दुसऱ्या वर्षी निवळतो, हे मुरलीधर सगळ्यांना सांगत आला होता. आता त्यानं तेच स्वतःला सांगितलं. विनता एकदा कुंपणाकडं बघून आत गेली. तिचं ते बघणं त्याला कळलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मझौलीचे मालगुजार भय्यासाहेब दारी आले. कोंबड्यांच्या मानमोडीच्या साथीत त्यांचा जुना नर गेला होता. ते क्वार्टरच्या अंगणात खुर्ची नको म्हणून उभेच राहिले. अख्खी लाईन दारात येऊन बघत होती. एवढा मोठा माणूस फिटरकडं मागायला आलेला! माझ्याकडं आज खात्रीचा नर नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते मुरलीधरच्या तोंडून निघालं नाही.

त्यानं तोच लाल नर पुढं केला. भय्यासाहेबांनी कोंबडा उजेडाकडं वळवला. “डोळा लाल दिसून राहिला, मुरलीधर.”

“पुढच्या साली मोती येते, जी,” तो म्हणाला. आणि पाठीवर हात ठेवून त्यानं पाच आया सांगितल्या. बापाचं नाव कोणी विचारत नसतं.

त्या कोंबड्याचा भाऊ आणि बहिणी मुरलीधरनं घरीच ठेवल्या होत्या. पुढच्या साली त्यांची अकरा पिल्लं निघाली. तिघांच्या डोक्यावर करवतीसारखी एकच उभी रेघ होती, साहेबाच्या कोंबड्याला होती तशी. विलायती रक्त एक पिढी तुऱ्याआड लपून बसलं होतं. मुरलीधरनं तिन्ही पिल्लं पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहिली. विनता तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “मले काय दाखवता? मझौलीले दाखवा.”

सुट्टी मागायला दोन आठवडे गेले. खरं तर सुट्टी पहिल्याच दिवशी मिळाली असती.

सिहोऱ्यापर्यंत रेल्वेनं, पुढं बैलगाडीनं तो गेला. भय्यासाहेबांच्या अंगणात चाळीसेक पाखरं होती, उंच, लाल, सगळी त्याच कोंबड्याची. घरचे कोवळे नर त्यांनी केव्हाच कापून खाल्ले होते; मुरलीधरचा आल्यावर ते कशाला ठेवायचे? मुरलीधरनं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. कुंपण, पाळी, विनताचं सांगणं, काही गाळलं नाही.

भय्यासाहेबांनी अंगणातल्या पाखरांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, “डोळा तं मी त्याच दिवशी पायला होता. साल उलटलं, तरी लालच. म्हटलं, मुरलीधर बोलला, तं आपलीच नजर गेली असन. सदरले जाऊन चष्मा बदलून आलो.”

तो चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

त्यांनी टोपल्याखालून एक म्हातारी कोंबडी काढली. त्यांच्या जुन्या वंशातली ती एकटीच उरली होती. ती त्यांनी मुरलीधरच्या हातात दिली. हिच्यापासून वंश पुन्हा धरता येईल का, एवढं सांगा, म्हणाले. मुरलीधरनं तुरा पाहिला, छातीवर बोट ठेवलं. कोंबडी खरी होती, शंका नव्हती. पण त्यानं बोट काढून घेतलं.

“तुमीच पाहा, भय्यासाहेब,” तो म्हणाला. “माह्यं नका ऐकू.”

त्यांनी कोंबडी परत घेतली आणि उन्हात नेऊन एकट्यानं बघत राहिले. आतून चहा आला. मुरलीधरला तो पिववेना, आणि तसाच ठेवून उठायचीही लाज वाटली.