दशरथभाऊंचं गाऱ्हाणं

नवऱ्याची दारू सुटली की बायकोनं देवाला नारळ फोडावा. मी मात्र घरातला चहा गेला म्हणून चिडचिड करत होते. आमचे हे, दशरथ, संपात मिल गेली तेव्हापासून बाटलीला चिकटलेले. शहाऐंशी साली अंधेरीच्या मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांत जायला लागले, बाप्तिस्मा घेतला आणि दारू, विडी, चहा, त्यांच्यात चालत नाही ते सगळं एका दमात बंद. आमच्या घाटकोपरच्या चाळीत लोक हसायचे. हसू देत मेले! घरातल्या शिव्या थांबल्या होत्या, मला तेवढं पुरे होतं. मी स्वतः काही त्यांच्यात गेले नाही.

पुढच्या शिमग्याला गावी गेलो नि तिथे वाट लागली. भावांनी आग्रह केला, ह्यांनी घेतली. मी ग्लास काढून घ्यायला गेले तर भर अंगणात, जावा-दीर बघत असताना, माझ्या मुस्काटात दिली.

मुंबईला आल्यावर मी गप्प बसले. ह्यांच्या मंडळीत कोणाला पत्ता नव्हता. पण ह्यांनाच राहवेना. महिन्यानं आपणहून जाऊन विद्याधरभाऊंना सगळं सांगून आले. विद्याधरभाऊ म्हणजे तिथले प्रमुख, एरवी बँकेत कारकून. ह्यांना ठेवायचं की काढायचं ते ठरवायला त्यांनी रविवारी स्वतःची नि दोघा मदतनिसांची बैठक ठेवली.

"कोणी विचारलं होतं तुम्हाला?" मी ओरडलेच. "नाव काढून टाकलं म्हणजे?"

"टाकू देत. पण लपवून पाव कसा खाऊ?" हे म्हणाले. दर रविवारी तिथे येशूची आठवण म्हणून पावाचा तुकडा नि घोटभर पाणी देतात, त्याबद्दल बोलत होते.

मला पावाचं काय पडलंय? मला भीती बाटलीची. तिथून हाकललं की हे संध्याकाळी गुत्त्यात जाऊन बसणार, मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी मलाही बोलावलं होतं. त्यांची सभा एका फ्लॅटच्या हॉलमध्ये भरायची. मी स्वयंपाकघरात बसले, मध्ये नुसता पडदा. तिकडे प्रार्थना झाली. ह्यांनी सगळं सांगितलं, थप्पडसुद्धा गाळली नाही. मग विद्याधरभाऊंनी विचारलं, "दशरथभाऊ, वहिनींची माफी मागितलीत?"

मी पडद्याला कान लावला. अहो, बोला की काहीतरी!

खुर्ची सरकली. आणि अगं बाई, हे उभे राहून चक्क गाऱ्हाणं घालायला लागले! गावी देवळात घालतात तसं. बिचाऱ्यांना माफी मागायची दुसरी रीतच येत नव्हती.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू आज तुझ्या पुढ्यात उभो हा. भर अंगणात बायलेर हात टाकलंय. चुकलंय. तो हात परत उठाचो नाय, असा कर रे म्हाराजा!"

ह्यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. जबाबाशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, असं आमची सासू म्हणायची. विद्याधरभाऊ पुण्याकडचे, बाकी दोघे मद्रासकडचे. कोण म्हणणार? गाऱ्हाणं तसंच लटकत राहिलं.

मीही म्हणणार नव्हते. गालावरची बोटं गेली होती, जावांचं हसू गेलं नव्हतं. सव्वा महिना हा माणूस माझ्याशी त्यावर एक शब्द बोलला नव्हता. पण दुसरं कोणी नव्हतंच ना तिथे. पडद्याआडून मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

तिकडे हे हुंदके देऊन रडले.

नाव राहिलं. फक्त सहा महिने पाव नाही, पाणी नाही, चारचौघांत प्रार्थना नाही.

बसनं परत आलो. चाळीच्या तोंडाशीच गुत्ता. नेमके तिथे ह्यांचे पाय थांबले आणि मी ह्यांची बाही घट्ट धरली.

"पुढल्या रविवारी येशील?" हे खाली बघत म्हणाले. "पावाचं ताट माझ्यासमोर येईल. न घेता पुढे द्यायचं म्हणजे सगळे बघणार. शेजारी तू असलीस तर तुझ्या हातात देईन."

"येईन," मी म्हटलं. "पण आधी ह्या गुत्त्यासमोरून हला!"