भिंतीपलीकडचे पप्पा

सबंध वाशीम जिल्ह्यात स्वतःच्या चुका इतक्या खणखणीत आवाजात सांगणारा दुसरा माणूस नाही, हे मी पैजेवर सांगते. लोक दुसऱ्याच्या चुका मोठ्यानं बोलतात आणि स्वतःच्या पोटात ठेवतात. आमच्या शेजारच्या पप्पांचं नेमकं उलटं. ते एसटीचे ड्रायव्हर, आता निवृत्त. त्यांना पप्पा म्हणायचा हक्क खरं तर दोघांचाच, मुलगी रूथ आणि मुलगा दानिएल यांचा. पण अनसिंगच्या आमच्या गल्लीत सगळेच त्यांना पप्पा म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माझी सासूसुद्धा. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे आणि ती वरपर्यंत गेलेली नाही, टिनाखाली हातभर फट आहे. लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्याच संध्याकाळी फटीतून आवाज आला. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही नम्रपणे तुझ्या चरणांशी येतो. आज म्या आसेगावच्या फाट्यावर एका म्हातारीले हात दाखवताना पाह्यलं अन् गाडी थांबवली नाही. मले उशीर झाल्ता. पण उशीर म्या चहा पेत बसलो म्हणून झाल्ता, म्हातारीपायी नाही. माफ कर." मी दचकले. मला वाटलं, शेजारी पोलीस आले आणि जबानी चालू आहे. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "काही नाही वं. पप्पाचं जेवण लागलं. तू बी ताटं घे."

पुढे मला या प्रार्थनेची सवय झाली, इतकी की आमच्या घरात घड्याळ बंद पडलं तरी कोणाला चाबी द्यायची आठवण व्हायची नाही. प्रार्थनेची सुरुवात नेहमी पवित्र शास्त्राच्या भाषेत आणि शेवट एसटी स्टँडच्या. जेवणाआधी घरातल्या एकानं डोळे मिटून बोलायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. ज्यानं आमेन म्हटलं, त्याला ते कबूल. पप्पांनी स्वतः घातलेला हा नियम त्यांनाच सगळ्यात महाग पडला, कारण त्यांच्या बायकोनं त्याचा उपयोग ताबडतोब ओळखला. "देवा, घरातली साखर संपली हाये. तुले ठाऊक हाये, यायले ठाऊक नाही. आमेन." पप्पा आमेन म्हणायचे, जेवायचे आणि हात पुसत दुकानाकडे निघायचे. त्या बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवऱ्याशी कधीही न भांडलेली बाई म्हणून गल्लीत त्यांचं नाव निघतं. मी भिंतीच्या अलीकडून सगळी भांडणं ऐकली आहेत. ती सगळी देवाच्या मार्फत झाली, एवढंच.

गाडी सुरू करण्याआधीही पप्पा प्रार्थना करायचे. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायचे. नवा प्रवासी घाबरायचा, ड्रायव्हरला झोप लागली की काय. जुने त्याला समजावायचे, "दम धरा. वायरलेस चालू हाये." बाजाराच्या दिवशी आम्ही भाजीवाल्या बाया मागून ओरडायचो, "पप्पा, आज छोटी करा हो, मेथी सुकून राह्यली!" पप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "हे परमेश्वरा, यायची मेथी ताजी ठेव, आमेन," आणि गिअर टाकायचे. मेथी ताजी राहिली की नाही ते सोडा, पण आख्खी गाडी आमेन म्हणायची. त्यात आम्ही सगळ्या माळणी, दोनतीन पाटील, एक कीर्तनकार, आणि कुणाचं काही बिघडल्याचं माझ्या कानावर नाही.

नुसती माफी मागून हा माणूस थांबत नसे, हा आणखी एक ताप. आसेगाव फाट्यावरच्या त्या म्हातारीला त्यांनी सुट्टीच्या दिवशी शोधून काढलं. म्हातारीला काही आठवेना. तिच्यापुढून रोजच गाड्या न थांबता जात. पप्पांनी इतकी माफी मागितली की म्हातारी भेदरून म्हणाली, "बाप्पा, मले कुठंच जायाचं नाही, पण तुमची इच्छा असन त बसतो गाडीत."

आपल्या पोरांना त्यांनी कधी उपदेश केलेला मी ऐकला नाही. फट माझ्या चुलीच्या बरोबर वर आहे, तेव्हा ऐकला असता. दानिएल शाळेत असताना आमच्या मळ्यातले पेरू जायला लागले. त्यानंच येऊन सांगितलं की वांदरं येतात. पप्पांना विचारलं तर तेही म्हणाले, हो, वांदरंच असतील. सासूबाई काठी घेऊन दोन दुपारी मळ्यात बसल्या. मग एका संध्याकाळी दानिएलची पाळी आली आणि भिंतीपलीकडून बारीक आवाज निघाला, "देवा, पेरू म्या तोडले. नाव वांदरायवर घातलं. आजी उन्हात बसून राह्यली." आमेन काही निघेना. आणि अलीकडून सासूबाई गरजल्या, "आमेन!" दुसऱ्या दिवशी बापलेक दोघंही आमच्या मळ्यात हजर, दिवसभर वांग्याला पाणी द्यायला. मी म्हटलं, "पप्पा, चोरले त्यानं, तुमी काहून?" ते म्हणाले, "तो वांदर म्हणला त म्या बी वांदर म्हणलो ना. पाह्यलं होतं काय म्या?" दानिएल बापाकडे बघत राहिला. मला तेव्हा वाटलं, या पोराला आता मारायची गरज नाही, याचं काम झालं.

आमच्याही घरी सासूबाईंनी हा प्रकार करून बघितला. देव्हाऱ्यापुढे सगळ्यांना बसवलं. आमच्या ह्यांनी हात जोडून सुरुवात केली आणि माझ्या चुका सांगितल्या, भावाच्या सांगितल्या, मजुरांच्या सांगितल्या. स्वतःची एकही निघेना. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या. हे आपल्याले झेपत नाही."

त्या दोन पोरांना मात्र झेपलं. रूथ नर्स झाली, वाशीमच्या एका दवाखान्यात आहे, रोज इथून जाऊन-येऊन करते. तिच्या हातून काही राहिलं तर डॉक्टरांच्या आधी तीच जाऊन सांगते, त्यामुळे तिच्यावर ओरडायची कोणालाच संधी मिळत नाही आणि त्याबद्दल तिच्यावर थोडा रागही आहे. दानिएल पुण्यात एका कंपनीत आहे. तिथं त्यानं आपली चूक कोणाला सापडायच्या आधी साहेबाला सांगितली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना? पुण्यात अशा माणसाला वेडा म्हणतात. आमच्याकडेही म्हणतात, पण चहा पाजून.

निवृत्तीनंतर पप्पांनी एक जुनी व्हॅन घेतली. गावात, आसपासच्या वस्त्यांवर कोणी आजारी पडलं, कोणी बाई अडली की पप्पांची व्हॅन. पैसे घेत नाहीत, म्हणून लोक डाळ, ज्वारी आणून टाकतात. जाताना जागा असेल तर माझे वांग्यांचे क्रेटही जातात. असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी पप्पा आमच्या दाराशी थांबले आणि खुंट्याला बांधलेल्या गोऱ्ह्याला म्हणाले, "काय सूनबाई, उन्हात कायले उभी?" मी आतून हे ऐकलं. गोऱ्ह्याला शिंगं आहेत, एवढंच मी नमूद करते.

मी रूथला गाठलं. ती म्हणाली, "काकू, मले ठाऊक हाये. मोतीबिंदू नाही. आतला पडदा खराब झाला. ऑपरेशनचा फायदा नाही म्हणते डॉक्टर."

"मंग गाडी?"

"सांगून पाह्यलं. म्हणतात, डोळे ठीक हायेत, रस्तेच खराब झाले."

मी म्हटलं, "अवं, तुमच्याइथं त सारं देवाले सांगतात. सांग ना जेवतानी."

मला नंतर कळलं की ते सोपं नव्हतं. व्हॅनची चाबी काढून घेतली तर पप्पांच्या दिवसात उरतं काय? ओट्यावर बसून राहणं. आणि नाही काढली तर एक दिवस व्हॅनखाली कोणीतरी येणार, हे ती नर्स असल्यामुळे तिला मी सांगायची गरज नव्हती. ज्या घरात साखर संपण्यापासून सगळं प्रार्थनेत यायचं, त्या घरात ही एकच गोष्ट कोणी बोलत नव्हतं. आणि भिंतीच्या अलीकडून माझ्या लक्षात आलं की पप्पांच्या प्रार्थना आखूड झाल्या आहेत. शास्त्राच्या भाषेत सुरू व्हायच्या आणि शास्त्राच्याच भाषेत संपायच्या. एसटी स्टँड येतच नव्हतं.

नाताळाला दानिएल पुण्याहून आला. दुपारी ती तिघं वाशीमच्या चर्चमधून परतल्यावर मला आणि सासूबाईंना जेवायला बोलावणं होतं, दरवर्षी असतं. मटणाचा रस्सा, भात, आणि रूथनं केलेल्या करंज्या. ताटं वाढली. प्रार्थनेची पाळी रूथची. तिनं डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "देवा, पप्पाले आता गाडी चालवू देऊ नको. त्यायचे डोळे गेले हायेत. थे आमाले सांगत नाही, तुले सांगतात का नाही आमाले ठाऊक नाही. आमाले लय भेव वाटून राह्यलं. आमेन."

दानिएल आमेन म्हणाला. सासूबाई म्हणाल्या. मीही म्हटलं. पप्पा म्हणाले नाहीत. डोळे मिटून, हात जोडून तसेच बसले. त्या घरात पप्पांचं आमेन झाल्याशिवाय घासाला हात लावत नाहीत. आम्ही बसलो. रूथची मान खाली. दानिएल आपल्या ताटाकडे बघतोय. थंडीचे दिवस, रश्श्यावरचा तवंग पांढरा व्हायला लागला. शेवटी सासूबाई कुजबुजल्या, "म्हणा ना पप्पा. पोरगी रडून राह्यली. अन् रस्सा थिजून राह्यला."

पप्पांनी घसा खाकरला. त्या दिवशी त्यांनी दयाळू स्वर्गीय पिता वगैरे काही म्हटलं नाही.

"देवा, मांगच्या हप्त्यात किन्हीराजाकून एका बाळंतिणीले आणून राह्यलो होतो. सडकेच्या कडेले मैलाचा दगड दिसला. म्या गाडी त्याच्या अंगालगून काढली. आरशात धुंदलं धुंदलं पाह्यलं त दगड उठून उभा राह्यला."

सासूबाईंना हसू आलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मंग शिव्या आइकू आल्या. माणूस होता. म्या थांबलो नाही. गाडीत बाळंतीण होती, असं म्या मनाले सांगतलं. घरी पोट्ट्यायले सांगतलं नाही. तुले बी सांगतलं नाही. सांगतलं असतं त आमेन म्हणा लागलं असतं. रूथ म्हणते थे खरं हाये. आमेन."

खिशातून चाबी काढून त्यांनी रूथच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "जेवा आता." दानिएलनं उठून रस्सा पुन्हा गरम करून आणला. जेवताना कोणी त्याबद्दल बोललं नाही. प्रार्थनेत बोललेलं ताटावर उकरायचं नाही, हाही त्या घरचा नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थातच त्या माणसाला शोधायला निघायचं होतं. दानिएल पुण्याच्या गाडीला गेला. व्हॅन रूथनं काढली. चालवायला तिला पप्पांनीच शिकवलं होतं, पण शिकवणी संपल्यावर ती स्टेअरिंगवर आणि ते शेजारी, अशी ही पहिलीच वेळ. वाटेत आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावला वांग्यांचे क्रेट टाकायचे होते म्हणून मागे मी बसले. किन्हीराजाच्या अलीकडे एका टपरीवर विचारपूस केली, तर तो माणूस टपरीवरच बसलेला निघाला. म्हातारासा, अंगावर करडी शाल. पप्पांनी हात जोडून सगळं सांगितलं, मैलाच्या दगडासकट. टपरीवरचे सगळे ऐकत होते. तो म्हातारा म्हणाला, "मले दगड समजले? मंग वाशीम किती किलोमीटर लिव्हलं होतं माह्या अंगावर?" टपरी हसली. पप्पाही हसले, पण त्यांचे हात जोडलेलेच होते. मग म्हातारा जरा सरकून बसला, त्यांना बाकावर जागा केली आणि म्हणाला, "बसा. चहा घ्या. म्या बी सडकेले टेकून बिडी पेत बसलो होतो, तुमची एकल्याची गलती नाही." म्हणजे ही लागण आता किन्हीराजापर्यंत गेली.

परतताना पप्पा रूथच्या शेजारी बसले होते, हात मांडीवर. सगळा रस्ता त्यांना पाठ. वळण यायच्या आधीच त्यांचा उजवा पाय पुढे सरकायचा आणि रिकाम्या पत्र्यावर दाबायचा. तिथं ब्रेक नव्हता. रूथ पुढे बघत होती. तरी दरवेळी, रस्ता मोकळा असतानाही, त्या पायाबरोबर ती गाडी थोडी हळू करायची. पप्पा पाय उचलायचे, की ही पुन्हा वेग घ्यायची.

मळ्यात दुपारपर्यंतच लाईट असते आणि मोटर सुरू करायला मी तिथं असायला हवं होतं. तरी लवकर चालव, असं मी रूथला म्हटलं नाही.